दोनदा वाचलेला ग्रंथ

आपली नेहमीची खुर्ची दाराशी सरकवलेली पाहून हर्षला उंबऱ्यातच थबकली. चिपळूणच्या वाचनालयातला दरमहाचा पुस्तककट्टा म्हणजे तिचा जीव की प्राण. पण मागच्या वेळी "एक कादंबरी मी अर्ध्यावरच सोडली," असं ती बोलून गेली होती, आणि ते अध्यक्ष फणसळकर सरांच्या डोक्यात बसलं होतं.

"अर्धवट वाचणाऱ्यांना पुढच्या महिन्यापासून कट्टा बंद!" सर गरजले. हर्षला दचकली. सरांनी एक जाडजूड ग्रंथ तिच्या हातात ठेवला. "हा मी दोनदा वाचलाय. बघ, वाचन कशाला म्हणतात ते!"

तिने तो उघडला. प्रस्तावनेपुढची सगळी पानं छापखान्यातून आली तशीच, न कापलेली, कडेला एकमेकांना जोडलेली होती.

"सर, मी अर्धंच वाचते, खरंय," ती चाचरत म्हणाली, "पण तेवढ्यासाठीसुद्धा मला पानं उघडावी लागतात. तुम्ही तर न उघडताच दोनदा वाचलंत! कुणाकडे सुरी आहे का हो?"

सर छताचा पंखा न्याहाळू लागले. शेवटी मागच्या रांगेतल्या निमाकाकूंचा आवाज आला, "ही घे गं! काकडीसाठी आणली होती, आधी ग्रंथ चीर. आणि आत काय आहे ते पुढच्या महिन्यात तूच सांग सरांना!"