टिकली उंदरीचा कापूस

समुद्राजवळ एक गाव होतं. गावात एक शाळा होती. शाळेत पहिलीचा वर्ग होता. पहिलीच्या वर्गात एक जुनं कपाट होतं. कपाटाखाली एक बीळ होतं.

बिळात राहायची एक उंदरी. ती होती एवढीशी, कपाळावरच्या टिकलीएवढी. म्हणून तिचं नाव टिकली.

टिकलीला एक पिल्लू होतं. ते तर तिच्याहूनही एवढंसं. गुलाबी गुलाबी. अंगावर एक केस नाही. पिल्लू कापसात झोपायचं. मऊ मऊ कापूस. उबदार उबदार कापूस.

नाताळ जवळ आला. थंडी पडली. वारा सुटला, सूंऽऽ सूंऽऽ.

पहिलीची मुलं नाताळचा गोठा करत होती, येशूबाळ जन्मलं तसा छोटासा गोठा. कोणी गवत पसरत होतं. कोणी मातीची गाय करत होतं. कोणी मेंढ्यांना काड्यांचे पाय लावत होतं. एका मेंढीला चार पाय. दोन मेंढ्यांना किती? मुलं बोटं मोजत होती.

शेवटची घंटा झाली की गोठा चर्चमध्ये जाणार होता. मग शाळेला सुट्टी. वर्गाला कुलूप.

टिकली दाणा आणायला बाहेर गेली होती. दाणा घेऊन परत आली. बघते तर काय? कापूस नाही. पिल्लू फरशीवर. पिल्लू कुडकुडतंय, ची ची ची.

टिकलीनं दाणा टाकला. पिल्लाला कुशीत घेतलं. पण टिकली एवढीशी, तिची कूसही एवढीशी. पिल्लाचे पाय बाहेरच राहिले.

"थांब हं बाळा," टिकली म्हणाली. "मी कापूस शोधून आणते."

टिकली बिळाबाहेर आली. समोर जोविता बसली होती. जोविता सहा वर्षांची. तिच्या हातात मातीची मेंढी. मेंढीच्या अंगाला गुंडाळलेला कापूस. टिकलीचाच कापूस.

टिकली गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"जोविता, जोविता, कापूस दे ना."

"का गं टिकली?"

"माझं पिल्लू गारठलंय."

जोवितानं कापसाकडे पाहिलं. तिला वाईट वाटलं.

"कपाटाखाली सापडला गं मला. कोणाचाच नाही असं वाटलं. पण कापूस दिला तर माझी मेंढी उघडी पडेल. तू पांढरा कागद आण. मी कागदाची लोकर करीन. मग कापूस देईन. कागद बाईंकडे आहे."

टिकली गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

रोझाबाई खुर्चीवर उभ्या होत्या. दोन्ही हात वर. हातात मोठी चांदणी. बांबूच्या काड्यांची, लाल पतंगी कागदाची.

"बाई, बाई, कागद द्या ना."

"का गं टिकली?"

"जोविता कापूस देईना,
आणि माझं पिल्लू गारठलंय."

"अगं बाई," रोझाबाई म्हणाल्या. "देते मी कागद. पण चांदणीचा दोरा तुटलाय. हात सोडला तर चांदणी पडेल. मुलांनी किती खपून केलीय. तू केळीचं सोपट आण. मी चांदणी बांधीन. मग कागद देईन."

केळीचं सोपट म्हणजे केळीच्या खोडाची लांब लांब साल. बांधायला दोरीसारखी.

टिकली गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

शाळेमागे केळ उभी होती. तिची पानं वाऱ्यात हलत होती, फडफड फडफड.

"केळीताई, केळीताई, सोपट दे ना."

"का गं टिकली?"

"बाई कागद देईनात,
जोविता कापूस देईना,
आणि माझं पिल्लू गारठलंय."

केळ म्हणाली, "माझं सोपट वाळलंय गं. ओढलं तर तुटेल, कडकन. पाणी मिळालं की मऊ होईल. तू पास्कूकाकांना सांग. ते पाणी घालतील. मग सोपट देईन."

टिकली गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

पास्कूकाका शाळेचे शिपाई. घंटा तेच वाजवत. झाडांना पाणी तेच घालत. आज ते पायरीवर बसले होते. एका पायात चप्पल होती. एक पाय मोकळा.

"काका, काका, पाणी घाला ना."

"का गं टिकली?"

"केळ सोपट देईना,
बाई कागद देईनात,
जोविता कापूस देईना,
आणि माझं पिल्लू गारठलंय."

काकांनी मोकळा पाय दाखवला. "घातलं असतं गं पाणी. झारी भरून ठेवलीय बघ. पण वाटेत बोरीचे काटे. आणि माझी एक चप्पल टायगरनं पळवली. तू चप्पल आण. मग पाणी घालीन."

टायगर म्हणजे वाघ नव्हे. टायगर म्हणजे शाळेचा कुत्रा.

टायगरचं तोंड केवढं. दात केवढे. आणि टिकली केवढी? टिकलीएवढी.

पण पिल्लू गारठलं होतं. टिकली गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

टायगर फाटकाजवळ बसला होता. चप्पल चावत होता, चपचप चपचप. टिकली लांबच उभी राहिली.

"टायगरदादा, टायगरदादा, चप्पल दे ना."

"का गं टिकली?"

"काका पाणी घालीनात,
केळ सोपट देईना,
बाई कागद देईनात,
जोविता कापूस देईना,
आणि माझं पिल्लू गारठलंय."

टायगरनं डोकं हलवलं. कान झटकला, फटफट फटफट.

"माझ्या कानात कुसळ गेलंय," टायगर म्हणाला. "गवतातलं टोकदार कुसळ. टुच टुच टोचतंय. चप्पल चावली की जरा विसरायला होतं. कुसळ काढ. मग चप्पल सोडीन."

कुसळ कोण काढणार? झाडावर साळुंकी बसली होती. तिची चोच पिवळी, टोकदार.

टिकली गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"साळुंकीताई, साळुंकीताई, कुसळ काढ ना."

"का गं टिकली?"

"टायगर चप्पल सोडीना,
काका पाणी घालीनात,
केळ सोपट देईना,
बाई कागद देईनात,
जोविता कापूस देईना,
आणि माझं पिल्लू गारठलंय."

साळुंकीनं टायगरकडे पाहिलं. टायगरच्या दातांकडे पाहिलं.

"कुत्र्याच्या कानात चोच घालू? मी नाही बाई," ती म्हणाली. आणि उडून गेली, भुर्रर्र.

झाड रिकामं. फाटकाजवळ कोणी नाही. शाळेतून मुलांचा आवाज येत होता. मुलं दप्तरं भरत होती. आता घंटा होणार. गोठा जाणार. मेंढी जाणार. कापूस जाणार.

टिकलीला रडू आलं. एक थेंब मिशीवर आला, टप.

मग तिनं मिशी पुसली. ती टायगरकडे गेली. ह्या वेळी तुरुतुरु नाही. हळू, हळू, हळू.

"टायगरदादा, मी काढू का कुसळ?"

"तू?"

"मी. पण तोंड मिटून बस."

टायगरनं तोंड मिटलं. डोकं जमिनीवर टेकवलं. टिकली त्याच्या पंजावर चढली. पंजावरून नाकावर. नाक ओलं होतं, गार होतं. नाकावरून डोक्यावर. डोक्यावरून कानात.

कानात काळोख होता. टिकलीनं चाचपलं. इकडे नाही. तिकडे नाही. हं, इथे आहे. तिनं कुसळ दातांत धरलं. पाय रोवले. ओढलं. निघेना. पुन्हा ओढलं. निघेना. डोळे मिटले, पिल्लू आठवलं, आणि जोरात ओढलं.

फुट्.

कुसळ निघालं. टिकली घरंगळत खाली आली, धुपुक.

टायगर उठला. कान झटकला. पुन्हा झटकला. टोचत नव्हतं. तो हळूच म्हणाला, "गेलं गं, गेलं. किती बरं वाटलं." आणि त्यानं टिकलीला चाटलं. टिकली सगळी ओलीचिंब झाली.

मग काय झालं?

कुसळ निघालं, टायगरनं चप्पल सोडली. स्वतःच नेऊन काकांच्या पायाशी ठेवली.

चप्पल मिळाली, काकांनी पायात घातली. झारी उचलली. केळीला पाणी घातलं, झुळुझुळु झुळुझुळु.

पाणी मिळालं, केळ गटागटा प्याली. साल मऊ झाली. केळीनं सोपट सोडलं, सर्रर्र.

टिकलीनं सोपट तोंडात धरलं. सोपट लांब, टिकली लहान. सोपट मागे फरफटत होतं. टिकली वर्गात आली. खुर्चीवर चढली. बाईंच्या पदरावर चढली. पदरावरून हातावर.

"गुदगुल्या होतायत गं," बाई म्हणाल्या. पण त्यांनी हात हलू दिला नाही.

सोपट मिळालं, बाईंनी चांदणी बांधली. एक गाठ, वर आणखी एक गाठ. मग हात सोडले. चांदणी पडली नाही. मुलांनी तिची टोकं मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच.

"हात भरून आले होते माझे," बाई म्हणाल्या, आणि खुर्चीवरून खाली उतरल्या. त्यांनी टेबलावरचा पांढरा कागद घेतला. जोविताला दिला.

कागद मिळाला, जोवितानं पट्ट्या कापल्या, कर्र कर्र कर्र. एकेक पट्टी पेन्सिलीला गुंडाळली. पट्ट्या कुरळ्या झाल्या. मेंढीवरचा कापूस सोडवला आणि तिच्या ओल्या मातीत त्या दाबून बसवल्या. मेंढी छान दिसू लागली. पहिल्यापेक्षाही छान. जोवितानं ती गोठ्यात ठेवली.

तेवढ्यात घंटा झाली. टण टण टण टण.

मुलं उठली. बाईंनी गोठा उचलला. दप्तरं निघाली, चपला निघाल्या, धबडधबड धबडधबड.

जोविता मात्र उठली नाही. ती पोटावर पालथी पडली. कपाटाखाली हात घातला. सगळा कापूस आत सरकवला. एक तंतूही ठेवला नाही.

"घे गं टिकली," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी मी आधी विचारीन हं."

"जोविता, चल," बाईंनी हाक मारली. जोविता पळाली.

टिकलीनं कापूस ओढला. बिळात नेला. पिल्लू गार होतं. अगदी गप्प होतं. टिकलीनं त्याला कापसात ठेवलं. वरून कापूस घातला. खालून कापूस घातला. पायांशी कापूस खोचला. मग शेजारी बसली. आणि वाट पाहिली.

थोडा वेळ काहीच नाही.

मग कापूस हलला. इवलंसं नाक बाहेर आलं.

"ची," पिल्लू म्हणालं.

टिकलीनं नाकाला हात लावला. नाक गरम होतं. पाय चाचपले. पायही गरम होते. टिकलीनं मोठ्ठा श्वास सोडला, हूंऽऽऽ. मग तीही कापसात शिरली, पिल्लाला कुशीत घेऊन.

बाहेर वारा होता, सूंऽऽ सूंऽऽ. आत ऊब होती. काकांनी वर्गाला कुलूप लावलं, खट्. टिकलीला ते ऐकूच आलं नाही. ती झोपली होती.

कापूस पोचला पिल्लाला, आणि गोष्ट पोचली तुम्हाला.