मुक्या तंबोऱ्यांचा रविवार

तंतुवाद्यांसाठी नावाजलेल्या एका गावात एक वयोवृद्ध उस्ताद तंबोरे घडवीत असत. त्यांच्या हाताखाली अरुंधती नावाची शिष्या सहा वर्षे शिकली. भोपळा पारखण्यापासून जवारी लावण्यापर्यंत, म्हणजे तारांखालची घोडी कानशीने हळुवार घासून तारेला गुंजारव आणण्यापर्यंत, सारी विद्या तिने आत्मसात केली. आणि जे शिकली ते ती दर आठवड्याला आपल्या ब्लॉगवर लिहीत गेली.

तिच्या लिहिण्यात गोडवा होता. पावसाळ्यात तारा का उतरतात, तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवला की सूर कसा उमलतो, हे ती असे काही लिही की वाचणाऱ्याला ते ऐकू येई. इंदूरपासून बेळगावपर्यंत बारा हजार वाचक जमले. कौतुकाला तोटा नव्हता, चणचण होती ती मिळकतीची. ब्लॉगवरच्या जाहिरातींतून इंटरनेटचे बिल कसेबसे भागे आणि इकडे कार्यशाळेत नवे काम येईनासे झाले होते.

अशात एका कंपनीचे पत्र आले. ही कंपनी तंबोऱ्याचा नाद काढणारे छोटेसे यंत्र विकत असे. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर यंत्राचे चित्र लावायचे आणि खाली लिहायचे, ‘आता तंबोरा जुळवण्याची कटकट संपली!’ मोबदला असा की कार्यशाळेच्या वर्षभराच्या भाड्याची चिंता मिटावी. अरुंधतीने ते पत्र दोन दिवस कुणाला दाखवले नाही. तिसऱ्या दिवशी मान खाली घालून उस्तादांसमोर ठेवले.

उस्ताद रागावले नाहीत. चष्मा पुसून त्यांनी पत्र वाचले आणि म्हणाले, “तुझे वाचक तुला काय लिहितात, ते जरा वाचून दाखव.”

अरुंधतीने स्तुतीची पत्रे वाचायला घेतली. उस्तादांनी हात वर केला. “ते राहू दे. मागतात काय ते वाच.”

तिने शोधून वाचले. नाशिकच्या विमलताईंनी लिहिले होते, “आईचा तंबोरा माळ्यावरून खाली काढला आहे. तुमचा लेख समोर आहे, पण घोडीला कानस लावायला हात धजत नाही. कुणी करून देईल का?” असे विचारणारी, नाशिकच्याच आसपासची आणखी दहा-अकरा माणसे निघाली.

“मग तू काय कळवलंस?”

“कोणती कानस घ्यायची, किती घासायचं, सगळं सविस्तर लिहिलं. प्रत्येकाला पानभर.”

“आणि तंबोरा वाजला?”

अरुंधतीने पत्रे पुन्हा चाळली; वाजल्याचे कुणीच कळवले नव्हते.

“लिही तर मग,” उस्ताद म्हणाले, “पुढच्या रविवारी आम्ही नाशिकला येतोय. मुके तंबोरे घेऊन या. आणि मजुरी किती पडेल, तेही स्वच्छ लिही.”

“उस्ताद, इतकी वर्षं सगळं फुकट दिलं. आता पैसे मागितले तर लोक म्हणतील, हिनं जाळंच टाकलं होतं.”

“म्हणू देत की. तू लिही.”

रविवारी नाशिकमधल्या एका गायनवर्गाची खोली सकाळीच गजबजली. रिक्षातून तंबोऱ्यांच्या माना बाहेर डोकावत होत्या. कुणी रजईत गुंडाळून आणला होता, कुणी लेकरासारखा कडेवर. “अगंबाई, तुम्हीच का त्या? मला वाटलं, चांगल्या साठीच्या असाल!” असे म्हणून विमलताईंनी अरुंधतीचे दोन्ही हात धरले.

तेवढ्यात उस्तादांनी एक विचित्र गोष्ट केली. खोलीच्या दोन टोकांना दोन सतरंज्या अंथरल्या. एकीवर सरावाचे दोन जुने तंबोरे, कानशी आणि अरुंधतीचे लेख छापून ठेवले. दुसरीवर स्वतः बसले. मग हात जोडून म्हणाले, “मंडळी, तिकडे बसाल तर काही द्यायचं नाही. लेख वाचा, हात चालवून बघा. जमलं तर आपल्या तंबोऱ्यावर करा, आमची हत्यारं आहेतच. इकडे आलात तर मजुरी पडेल.”

अरुंधतीला वाटले, फुकट मिळत असता पैसे मोजायला कोण येईल? आणि झालेही तसेच. सगळे पहिल्या सतरंजीवर जाऊन बसले. एक निवृत्त मास्तर घोडी घासून तार छेडू लागले, तर पत्र्याच्या डब्यावर खडा पडावा तसा आवाज. हशा पिकला. दुसऱ्याने घासले, आवाज आणखी बसला. अर्ध्या तासाने मास्तर उठले, आपला तंबोरा उचलून उस्तादांसमोर आले आणि म्हणाले, “आजवर नुसतं वाचलं होतं. हे काय काम आहे, ते आज बोटांना कळलं. घ्या, हा तुमच्या हवाली.” मागोमाग रांगच लागली.

दुपारी दोन घास खाताना अरुंधतीने विचारले, “तुम्हाला ठाऊक होतं, ते येतील?”

उस्ताद म्हणाले, “पोरी, जवारी बिघडलीय हे कळायलाही कान लागतो. तो कान त्यांना तुझ्या लेखांनी दिला. लेख एक असला तरी बारा हजारांना पुरतो, देऊन संपत नाही, म्हणून तो खुशाल वाट. पण हात एका वेळी एकाच तंबोऱ्यावर बसतो. तास जातो, डोळा शिणतो. त्याचं मोल सांगायला लाजू नये. आणि तुझ्यावर विश्वास ठेवून इथवर आलेल्या माणसांना त्या कंपनीच्या दारात नेऊन उभं करायचं तुझ्या मनात होतं. अगं, ती तर तुझ्याच दारात यायला निघाली होती.”

हात धुऊन अरुंधती उस्तादांशेजारी सतरंजीवर बसली आणि तिने विमलताईंचा तंबोरा मांडीवर घेतला. घोडी घासली, दोरा सरकवला, पुन्हा घासली. बऱ्याच वेळाने खर्जाची तार बोलली आणि खोलीतली कुजबुज आपोआप थांबली. विमलताई डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग त्यांनी, कुणी सांगितले नसताना, संकोचत ‘सा’ लावला. मास्तरांनी आपला आवाज त्यात मिसळला. बघता बघता साऱ्या खोलीचा एक सूर झाला.

संध्याकाळी निघताना दोघांनी नव्या तंबोऱ्याची मागणी नोंदवली, धुळ्याच्या एकाने “आमच्याकडे कधी येता?” म्हणून तारीखच मागितली. विमलताईंनी मजुरीचे पाकीट पुढे केले. अरुंधतीने ते दोन्ही हातांनी घेतले. “राहू द्या हो,” हे शब्द तिच्या ओठांवर आलेच नाहीत. ती प्रसन्न हसली आणि म्हणाली, “पावसाळ्यानंतर एकदा दाखवा, दोरा बदलून देईन.”