वार्क्षायण मुनींचे कुंपण

पूर्वी कृतयुगात, मंदाक्षा नदीच्या खोऱ्यात, सूर्यकिरणांना जिथल्या भूमीचा स्पर्श कधी होत नसे अशा निबिड महारण्याच्या मधोमध वार्क्षायण मुनींचा आश्रम होता. बारा वर्षे स्वहस्ते खपून मुनींनी तिथे मोकळी जागा केली, उद्यान फुलवले आणि सभोवती करवंदीचे काटेरी कुंपण वाढवले. तपोधन, वेदवेत्ते, जितेंद्रिय अशी त्यांची त्रैलोक्यात कीर्ती होती. राग तेवढा नाकाच्या शेंड्यावर असे, हे त्यांची पत्नी पर्णिका पुरते जाणून होती.

एका वैशाखात, भर माध्यान्ही, मुनींचा लाडका सुवर्णचंपक उन्हाने होरपळला. बारा वर्षांनी त्याला पहिल्याच कळ्या आल्या होत्या. झाले! मुनींनी कमंडलूतले जल ओंजळीत घेतले आणि गर्जना केली, "हे सहस्ररश्मे, तेजाच्या मदाने तू माझ्या कष्टांची राख केलीस. आजपासून या कुंपणाच्या आत तुझा एकही किरण येणार नाही!"

पर्णिका हात धरायला धावली, तोवर जल भूमीवर पडलेही होते. "मुनिवर, ऋषिवचन मला शिरोधार्य आहे," भगवान आदित्य शांतपणे म्हणाले आणि आश्रमावर सावली उतरली.

पहिले काही दिवस मोठे सुखाचे गेले. पुढे समिधा ओल्या राहू लागल्या, वल्कलांना कुबट वास येऊ लागला, वेली पांढुरक्या होऊन नुसत्याच लांबल्या आणि त्यांना फूल म्हणून धरेना. मुनी हे सारे पाहत होते. चूक कळत होती, पण कबूल कोण करणार?

पुढच्या वैशाखात पर्णिकेला कन्या झाली. तिसऱ्या दिवशी बाळाचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले आणि पाचव्या दिवशी तिने दूध ओढणे सोडले. वृद्ध सुईण कर्दमा म्हणाली, "देवी, माझ्या मुळ्यांचा इथे उपयोग नाही. हिला सकाळचे ऊन दाखवा, नाही तर पोर हाती लागायची नाही."

ऊन आणायचे कुठून? कुंपणाबाहेर तीन दिवसांच्या वाटेपर्यंत अरण्यच अरण्य. ओली बाळंतीण एवढ्याशा जिवाला घेऊन किती चालणार? पर्णिका बाळासह तडक पतीसमोर उभी राहिली.

"भगवन्, शाप परत घ्या."

मुनींची मान खाली गेली. "देवी, घेता आला असता तर पहिल्याच पावसाळ्यात घेतला असता. ऋषीच्या मुखातून सुटलेला शब्द ऋषीलाही परत बोलावता येत नाही."

"शाप मोडता येत नसेल, कुंपण तर मोडता येते ना?" पर्णिका म्हणाली. "कुंपणाच्या आत, असे आपले वचन आहे. कुंपणच उरले नाही, तर आत कोणते आणि बाहेर कोणते?"

मुनींनी एकवार कुंपणाकडे पाहिले. ते गेले की रानडुकरांना रान मोकळे, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी उत्तरीय कमरेला खोचले. दिवसभर ते काटे उपटत राहिले आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला, रक्ताळलेल्या हातांनी, त्यांनी शेवटचे झुडूप मुळासकट ओढून काढले.

तोच ऊन आले! आधी अंगणात, मग तुळशीपाशी, मग ओसरीच्या पायरीवर, वर्षाने माहेरी आलेल्या लेकीसारखे घरभर फिरले. ओल धरलेल्या भिंतींतून वाफ निघू लागली. पर्णिकेच्या पाठीला ऊब लागली मात्र, आणि वर्षभर आवरलेले रडू तिला आवरेना. बाळाला मांडीवर घेऊन ती उन्हात मनसोक्त रडली.

आदित्य म्हणाले, "मुने, आपला शब्द खरा राहिला आणि माझी वाटही मोकळी झाली. माध्यान्ही मी प्रखरच असेन, तो माझा धर्म आहे. परंतु दिवसाच्या पहिल्या प्रहरी बालकांसाठी मी कोवळा होऊन येईन, हा माझा वर."

दिवसेंदिवस बाळाचा पिवळेपणा ओसरला, ती दूध ओढू लागली. इकडे डुकरांनी अर्धे उद्यान फस्त केले. मुनींना त्याचे काहीच वाटले नाही. सातव्या सकाळी लेकीने स्वच्छ डोळे उघडले, थेट सूर्याकडे पाहिले आणि फटकन शिंकली. ज्या मुखातून शाप सुटला होता, त्याच मुखातून घाईघाईने शब्द आले, "शतं जीव!" पर्णिका वर्षाने पहिल्यांदा हसली.

तेव्हापासून न्हाऊ-माखू घातलेले तान्हे बाळ कोवळ्या उन्हात निजवतात. ते शिंकले की घरातले कितीही तापट माणूस असो, हातातले काम टाकून तेच दोन शब्द म्हणते.