घोणशेतचे लोक ढोल वाजला की ताटावरून का उठतात

मघाशी तुमच्या ताटात भाकरी वाढता वाढता आमची सूनबाई टोपली तशीच ठेवून बाहेर पडली, तुमच्या बाजूला जेवायला बसलेले शेजारघरचे दोघे हातही न धुता तिच्या मागे गेले आणि पडवीत तुम्ही पाहुणे तेवढे उरलात, त्याचा राग धरू नका. खाली दाभेखोलला ढोल वाजला होता. तिथे आज हळद आहे हे आम्हाला ठाऊक आहे, चार दिवसांपूर्वी पत्रिका आली आहे. तरी ढोल वाजला की घोणशेतात घरटी एक माणूस उठतो, उतारावरच्या हद्दीच्या धोंड्यापर्यंत जातो, तिथून खाली तोंड करून "ओ, आलो" अशी हाक देतो आणि उभा राहतो. धोंड्याच्या पलीकडे पाऊल टाकत नाही. लग्न असो, जत्रा असो, निवडणुकीची मिरवणूक असो. खालची टारगट पोरं मुद्दाम ढोल बडवतात आणि आमची माणसं घाम पुसत आली की फिदीफिदी हसतात. हसू देत. त्यांचाही तो हक्कच आहे म्हणायचा.

मी शेलार. ज्याच्यामुळे ही रीत पडली त्या सटवाजी शेलाराच्या थोरल्या भावाचा वंश आमचा. तेव्हा ऐका, पण आमच्या गावाची बाजू घेऊन मी सांगेन अशी आशा ठेवू नका.

फार मागे या खोऱ्यातल्या सात गावांचं मिळून एक राज्यच होतं असं सांगतात. सातगाव म्हणायचे त्याला. सहा गावं खाली नदीकाठी, सातवं आमचं घोणशेत इथे वर, सड्याच्या म्हणजे या उघड्या कातळमाळाच्या काठावर. सातांचे पंच एकत्र बसायचे, रानातले हिरडे विकायला कधी आणि किती वेचायचे ते ठरवायचे, नदीवरचा बांध सगळे मिळून बांधायचे. वाघजाईची पालखी एकच, ती सातही गावांतून फिरायची. आणि प्रत्येक गावच्या देवळात एक ढोल टांगलेला असायचा. वणवा लागला, पूर आला की त्या गावाने ढोल वाजवायचा. तीन ठोके, मग थोडी जागा, पुन्हा तीन ठोके. मधली जागा ओ देण्यासाठी असायची. ऐकलेल्या गावाने त्या जागेत आपल्या ढोलावर एक ठोका द्यायचा, म्हणजे आम्ही निघालो. आणि खरोखरच निघायचं.

आमचं गाव पहिल्यापासून बोलण्यात हुशार. देवळासमोरच्या कातळावर सभा भरायची आणि ज्याच्या हातात ढोलाची टिपरी त्यानेच बोलायचं, असा शिरस्ता होता. टिपरी हातात आली की आमच्याकडे मुकासुद्धा तासभर बोलेल, असं खालचे लोक म्हणायचे. त्या बोलणाऱ्यांत सटवाजी पहिला. उंच, गोरा, आवाज असा की सड्यावरची गुरं मान वर करून ऐकायची म्हणे. त्याला एकच मुलगी, भागू. ती दाभेखोलला दिलेली होती. आईवेगळी वाढलेली, त्यामुळे बापाचा जीव तिच्यात आणि तिचा बापात.

एका फाल्गुनात सटवाजीने टिपरी हातात घेतली आणि विचारलं, सातगावात राहून घोणशेताला मिळतं काय?

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला कबूल केलं पाहिजे. बांधासाठी घरटी आठ दिवस आमची माणसं राबायची आणि बांधाचं थेंबभर पाणी वर चढत नव्हतं. पंचांत ते सहा, आम्ही एक. पालखी सातव्या दिवशी वर यायची तोवर देवीच्या अंगावरची फुलं वाळून गेलेली असायची. आमच्या चारी अंगांनी उघडा कातळ, वणवा इथे येणार कसा? तरी दर उन्हाळ्यात खालचा ढोल वाजायचा आणि आमचीच माणसं पाय भाजून घ्यायची. "आपल्या हाकेला ते कवा आलेत, सांगा की!" असं सटवाजीने विचारलं तेव्हा कातळावर सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्ही कधी हाक मारलीच नव्हती, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या बाजूला त्याचा थोरला भाऊ हैबती होता, आमचा पूर्वज. तो अडखळत बोलायचा. तो म्हणाला, "मीठ आन् तांदूळ खालच्या वाटेनं येत्यात. चैतात गुरं नदीवं न्यावी लागत्यात. आपल्या समद्या लेकी खाली दिल्यात. ह्ये समदं तोडून खायाचं काय, हिरडं?" लोक हसले. सटवाजीही हसला आणि म्हणाला, "दादा, हिरडं त्यांना पायजेलच हाईत. तांदूळ घिऊन त्येच वर येतील. आपली गरज त्यास्नी जादा हाय."

तीन दिवस हे चाललं. आपली वेगळी पालखी कशी असेल, हिरडे आपल्या मर्जीने कसे वेचता येतील, गुरांचं काय, मिठाचं काय, बांधावरची आपली मेहनत वाया जाईल का, सगळं बोलून झालं. तीन दिवस ढोलाची टिपरी या हातातून त्या हातात फिरत होती आणि ढोलाविषयी एक शब्द कोणी काढला नाही.

एकीने काढला. दुसऱ्या दिवशी भागू बापाला भेटायला वर आली होती, कडेवर दीड वर्षांची लेक होती. पण ती आता दाभेखोलची, तिला टिपरी धरता येत नव्हती. रात्री बापाला वाढताना तिने विचारलं, "आबा, उद्या आमचा ढोल वाजला तर तुमी येनार का न्हाई?"

"ढोल वाजला तर बघू," सटवाजी म्हणाला. "आन् तुला कोन अडवतंय? तू माझी लेक हाईस."

"म्या एकलीचं इचारत न्हाई," असं ती म्हणाली. त्यावर त्याने आमटी मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी देवळात दोन टोपल्या ठेवल्या, एक राहायची, एक निघायची. घरटी एक हिरडा टाकला. निघायच्या टोपलीत चार हिरडे जास्त भरले. चार हिरडे! एवढ्याचं मूठभर चूर्णही होत नाही.

निघायचं तर देवीसमोर आण घेऊन निघायला हवं. आणेचे शब्द रचायला अर्थातच सटवाजीला सांगितलं. साधं रचलं असतं तरी चाललं असतं, पण बोलणाऱ्या माणसाला शब्दाचा नाद भारी. बेलभंडारा उचलून सगळ्या गावाने त्याच्यामागून म्हटलं: "सातगावाशी देनं न्हाई, घेनं न्हाई. येनं न्हाई, जानं न्हाई. त्यांच्या हाकेला आमची ओ न्हाई." शेवटचं वाक्य लोकांना इतकं आवडलं की ते तीनदा म्हटलं. बाहेर ऊन तापलं होतं. हैबतीने आण घेतली तेव्हा तो रडत होता असं आमच्या घरात सांगतात.

खालच्या सहा गावांनी निरोप ऐकला आणि उलट निरोप धाडला, ठीक आहे. तांदूळ घेऊन मात्र वर कोणी आलं नाही. आमची नवी पालखी गावातल्या गावात फिरून अर्ध्या तासात परत आली.

त्यानंतर महिन्याभराने चैत्रात, दुपार कलताना, दाभेखोलच्या वरच्या उतारावर वणवा लागला. वारा खालच्या अंगाला होता. बाकीची पाच गावं नदीपलीकडे, त्यांना पोचायला चांगले दोन तास. आमच्या माणसांना उतारावरून घटकाभराची वाट. वरून येऊन गवत कापून जाळपट्टा काढायचा, आग अडवायची, हे काम पिढ्यान्‌पिढ्या घोणशेतचंच होतं. खालची माणसं तोवर घरांवरचा गवत-पेंढा उतरवायची.

ढोल वाजला. तीन ठोके आणि जागा.

सवयीने सगळं गाव उठलं, कोयते हातात घेऊन देवळाशी जमलं. आणि तिथे कोणालातरी आण आठवली. वाघजाईची आण मोडली तर गावाचा निर्वंश होईल, अशी त्या काळी खात्रीच होती. एकजण म्हणाला, जायलाच पाहिजे. दुसरा म्हणाला, देवीला काय सांगणार? एवढ्यात कोणीतरी देवळातून टिपरी आणली, म्हणजे रीतीने बोलता येईल. आमच्या गावाची अक्कल बघा! एकाने टिपरी धरून सांगितलं, ही हाक नाही, संकट आहे, संकटाला आण लागू नाही. दुसऱ्याने ती घेऊन विचारलं, मग हाक कशाला म्हणतात? तिसरा म्हणाला, नुसतं हद्दीपर्यंत जाऊ. चौथा म्हणाला, आज गेलो तर उद्या बांधावरही बोलावतील. खाली तीन ठोके पडत होते, जागा सुटत होती, पुन्हा तीन ठोके. आणि ज्या टिपरीने एक ठोका देता आला असता, ती कातळावर या हातातून त्या हातात फिरत होती.

सगळे सटवाजीकडे पाहत होते. शब्द त्याचे होते, त्यातून वाट तोच काढणार. टिपरी त्याच्या हातात दिली. एवढा बोलणारा माणूस, पण म्हणे त्याने तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. तो ऐकत होता. दाभेखोलचा गुरव ठोके कसे देतो ते त्याला माहीत होतं. हे ठोके गुरवाचे नव्हते, हलके होते, मध्येच चुकत होते. लहानपणी देवळात बसून भागू असाच ढोल वाजवायची आणि तो तिला रागे भरायचा.

तेवढ्यात तीन ठोके पडले, जागा सुटली आणि पुढचे ठोके आले नाहीत.

मग धावले सगळे. आण, देवी, निर्वंश, कोणाला काही आठवलं नाही. सगळ्यांत पुढे सटवाजी. पण धावायची वेळ टळली होती. दाभेखोलच्या देवळाचं छप्पर कोसळलं होतं. खालच्या बायकांनी पुढे सांगितलं की गुरव आगीवर गेला तेव्हा भागूने लेक शेजारणीच्या ओटीत टाकली, तिला नदीत जाऊन उभी राहा म्हणाली आणि स्वतः ढोलाशी गेली. दोनदा तिला ओढून न्यायला माणूस आला. दोन्ही वेळा ती म्हणाली, "अजून ओ आली न्हाई. आमचं गाव ऐकतंय, आत्ता येईल. म्या थांबले तर त्यास्नी वाटंल, आग इझली."

दाभेखोलात आठ माणसं गेली. भागू ढोलाजवळच सापडली. ढोलाचं एका बाजूचं चामडं जळून गेलं होतं.

तेराव्यानंतर सटवाजी तो ढोल डोक्यावर घेऊन सातगावाच्या पंचांपुढे गेला. त्याने पालखी मागितली नाही, हिरडे नाहीत, काही नाही. तो एवढंच म्हणाला, "आमाला परत ओ देऊ द्या." मग भागूचा सासरा उठला. तो म्हणाला, "ढोल ठेवा तुमच्याकडं. आमी बोलवंस्तवर धोंड्याच्या तुमच्या अंगाला ऱ्हावा." त्यात राग नव्हता म्हणे. राग असता तर पुढे कधीतरी ओसरला असता.

सटवाजी परत आला आणि सभेत पुन्हा कधी बोलला नाही. ढोल वाजला की धोंड्याशी जाऊन ओ द्यायचा आणि उभा राहायचा. आधी तो एकटाच जायचा, मग हैबती त्याच्यासोबत जाऊ लागला, मग घरटी एक जण.

तेव्हापासून संकटाला आम्हाला कोणी बोलावलेलं नाही. बाकी आण कधीच मोडली. एसटी एक, रेशनचं दुकान खालीच, सोयरिकी होतात, माझी सून दाभेखोलचीच. पण ढोलाचं तसंच राहिलं. पंचवीस वर्षांपूर्वी पुन्हा त्याच उतारावर वणवा लागला होता. आम्ही पन्नास माणसं कोयते घेऊन धोंड्याशी उभे होतो, "ओ, आलो" म्हणून घसे फोडत होतो. त्यांनी आपली आपण विझवली. वर कोणी पाहिलंसुद्धा नाही. मी होतो त्यात. कोयता घेऊन उभं राहणं आणि तसंच परत येणं काय असतं ते मला सांगता येणार नाही.

देवळात टांगलेला तो एका बाजूने उघडा ढोल तुम्ही सकाळी पाहिलात. त्याला आजही चामडं चढवत नाहीत. आणि आजही ढोल वाजला की असे आम्ही जेवणावरून उठतो. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सूनबाईने मला विचारलं होतं, "मामंजी, तिथं आज माझ्याच चुलतभावाची हळद हाय. ठाऊक असून कशापायी जायाचं?"

मी म्हटलं, "ढोल ऐकाया जायाचं न्हाई, पोरी. तो थांबल्यावं काय ऐकू येतंय त्ये ऐकाया जायाचं."

ढोल थांबतो, मग खालून माणसांचा गलका येतो, कोणीतरी कोणाला हाका मारतं, बायका हसतात. तेवढं कानावर पडलं की आम्ही मागे फिरतो. आता ढोल थांबलाय. येतीलच सगळे. तुम्ही जेवा, भाकरी टोपलीत आहे, हाताने घ्या.