न ओतलेला घडा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा तळ्यांना नावे नव्हती. सूर्य कुठे उगवतो आणि कुठे मावळतो, यावरून लोक ती ओळखत. एका डोंगरी मुलखात अशी सात तळी होती. प्रत्येक दोन तळ्यांमध्ये एक डोंगर उभा होता, आणि एका तळ्याचे पाणी दुसऱ्याला भेटेल असा एकही ओढा नव्हता.

पाणी भेटत नसले तरी माणसे भेटत. एका तळ्याकाठची मुलगी दुसऱ्या तळ्याकाठी दिली जाई. म्हणून तिथे एक रीत पडली होती. मुलगी सासरी निघाली, की तिची आई माहेरच्या तळ्याचे पाणी मातीच्या घड्यात भरून तिच्या कमरेवर देई. सासरी पोहोचल्यावर नवरी तो घडा तिथल्या तळ्यात ओती. मग सारे म्हणत, "पाण्याला पाणी मिळालं, आता ही आपली." घडा ओतेपर्यंत त्या घरची होडी खुंटाला बांधलेली राही. सुनेचे पाणी मिळण्याआधी जाळे टाकले, तर तळे रुसते असे मानत.

रीत गोड होती. तिच्यात कुणाचे वाईट चिंतलेले नव्हते. मुलांनो, हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडले ते कुणाच्या दुष्टपणामुळे घडले नाही.

उगवतीच्या तळ्याकाठी भिवरा नावाची मुलगी राहत होती. ती सहा-सात वर्षांची असताना दूरच्या मुलखातून गाडीवर घालून एक मोठी होडी त्या तळ्यात आणली गेली. होडीच्या ओलसर बुडाला नखाएवढ्या काही शिंपल्या चिकटल्या होत्या. त्यांच्या अंगावर पिवळे-काळे पट्टे होते. होडीचे कौतुक झाले. शिंपल्यांकडे कोण बघतो?

चार-पाच वर्षांत तळ्याचे पाणी निवळू लागले. पूर्वी ते हिरवट असे. आता काचेसारखे झाले. लोक हरखले. "देवाने तळं धुऊन दिलं," असे म्हणत त्यांनी काठावर नारळ फोडला.

तळे देवाने धुतले नव्हते. ते शिंपल्या पीत होत्या. शिंपली दिवसभर पाणी आत ओढते, त्यातला बारीक हिरवा चारा ठेवून घेते आणि उरलेले पाणी बाहेर सोडते. तोच चारा माशांच्या पिलांचा असतो. चारा संपला, तशी पिले संपली. पिले संपली, तसे मोठे मासेही दिसेनासे झाले. शिंपल्या मात्र दगडांवर, खुंटांवर, वल्ह्यांवर, एकमेकींच्या पाठीवर बसत गेल्या. त्यांच्या पोटाखाली दाढीसारखे चिवट धागे असत. त्या धाग्यांनी त्या अशा घट्ट बसत, की सुरीने खरवडाव्या लागत. त्यांच्या धारेने जाळी फाटू लागली, पाण्यात उतरणाऱ्यांचे पाय कापू लागले.

भिवराला एका प्रश्नाने झोप येईना. या शिंपल्यांना पंख नाहीत, शेपटी नाही. मग आज या काठाला आणि उद्या त्या काठाला त्या पोहोचतात कशा?

तिने एक गंमत केली. एका तराफ्याला नवी कोरी दोरी बांधून ती पाण्यात सोडली, पण तळाला टेकणार नाही इतकीच लांब. तराफाही नवा होता. महिना उलटला आणि दोरीवर खसखशीएवढे कण दिसले. पुढे ते मोहरीएवढे झाले, मग मसुरीएवढे, आणि त्यांच्यावर पट्टे उमटले.

"आई, त्या पाण्यातूनच येतात," भिवरा धावत येऊन म्हणाली. "जन्मतात तेव्हा इतक्या लहान असतात, की दिसतच नाहीत. नुसत्या तरंगतात."

"न दिसणारी शिंपली!" आई हसली. "उद्या म्हणशील, अंगणात न दिसणारा हत्ती बसलाय. जा, भाकरी उलट."

भिवरा मोठी झाली. मावळतीच्या तळ्याच्या मुखियाचा मुलगा हिरोजी, त्याच्याशी तिचे लग्न ठरले. लग्नाला आलेली सासू तळ्यात वाकून बघतच राहिली.

"अगबाई! तळाचा खडा न् खडा दिसतोय. आमचं तळं म्हणजे पालकाची पातळ भाजी. हे पाणी आमच्यात मिसळलं तर आमचंही निवळेल की!"

भिवराने ते ऐकले. निघताना ती आईला हळूच म्हणाली, "आई, मला रिकामा घडा दे ना."

आईचे डोळे भरले. "रिकामा घडा नेलास तर लोक म्हणतील, हिचं माहेर आटलं. तळ्यात मासे नाहीत, निदान पाणी तरी देऊ दे मला लेकीला."

भिवराने घडा घेतला. दोन दिवसांच्या वाटेवर तिने तो एकदाही दुसऱ्याच्या हातात दिला नाही.

मावळतीच्या तळ्यावर सारा गाव जमला होता. त्या दिवशी पौर्णिमा होती. पाणी हिरवे, गढूळ, आणि त्यात माशांच्या पिलांची नुसती लवलव चालली होती. भिवरा गुडघाभर पाण्यात उतरली आणि घड्याच्या तोंडावर तळहात ठेवून उभी राहिली.

"ओत गं," सासू म्हणाली. "दमलीस का?"

"आत्याबाई, मी हे नाही ओतणार."

काठावर कुजबुज झाली. शेजारच्या म्हाळसाबाईचा आवाज सगळ्यांत वर होता. "काय गं बाई, माहेरचं पाणी द्यायला जिवावर आलं होय?"

सासऱ्यांनी हात वर केला. "पोरी, कारण सांग."

भिवराने सांगितले. होडी, शिंपल्या, दोरी, सगळे सांगितले. सासऱ्यांनी घड्यात डोकावून पाहिले. पाणी लख्ख होते.

"यात तर काहीच नाही."

"म्हणूनच भीती वाटते, मामंजी. काही असतं तर काढून टाकलं असतं."

सासऱ्यांनी खुंटाला बांधलेल्या होडीकडे पाहिले. मग म्हणाले, "पुढच्या पौर्णिमेपर्यंत घडा घरात राहील. तोवर आपली होडी बांधलेली. त्या दिवशी घड्यात काही निघालं नाही, तर तू तो तुझ्या हातांनी ओतायचा. तेव्हाही हात आखडलास, तर घडा घेऊन माहेरची वाट धरायची."

"कबूल, मामंजी."

"घडा माझ्या उशाशी राहील," सासू फणकाऱ्याने म्हणाली. "नाहीतर ही बया स्वतःच दोन शिंपल्या टाकायची आणि आम्हाला दाखवायची."

"ठेवा, आत्याबाई. फक्त रोज ओंजळभर आपल्या तळ्याचं हिरवं पाणी त्यात घाला. उपाशी राहिल्या तर मरतील."

"घ्या! जे नाहीच, त्याला जेवण!"

पण सासूने पाणी घातले. पैज म्हणजे पैज, ती सरळच व्हायला हवी.

होडी खुंटाला डुलत राहिली. हिरोजी अंगणात बसून जुनी जाळी विणत राही. घरात मासळी नाही, म्हणून म्हाळसाबाई रोज आपल्या टोपलीतले चार मासे आणून देई आणि बरोबर एक टोमणाही. "घ्या हो. तुमच्या सुनेच्या न दिसणाऱ्या शिंपल्यांचं कालवण संपलं असेल." ज्या घराने गावाला मासळी वाटली, ते घर आता दुसऱ्याच्या टोपलीकडे बघत होते. भिवरा मान खाली घालून मासळी साफ करी. कधी कधी तिलाच वाटे, मी चुकले असेन तर?

सासू रोज सकाळी फडके सोडून घड्यात बघे. "आज काही नाही." दुसऱ्या दिवशी, "आजही काही नाही." आठ-दहा दिवसांनी ती उजेडात घडा तिरका करून बघू लागली. एकदा भाजी निवडता निवडता तिने विचारले, "का गं, त्यांना डोळे असतात का?"

"माहीत नाही, आत्याबाई."

"झोपतात का?"

"तेही माहीत नाही."

"मग तुला ठाऊक तरी काय आहे?"

"एवढंच, की त्या येतात."

सासू हसली नाही. ती विचारात पडली.

चौथ्या आठवड्यात तिला एक गोष्ट दिसली. संध्याकाळी घातलेले हिरवे पाणी सकाळपर्यंत निवळलेले असे. गाळ खाली बसत असेल, तिने मनाशी म्हटले. मग तिने दुसरा एक घडा आणला, त्यात नुसते आपल्याच तळ्याचे पाणी भरले आणि शेजारी ठेवला. ते दोन दिवसांनीही हिरवेच राहिले. सासू त्या दोन घड्यांपुढे बराच वेळ बसून राहिली. कुणाशी काही बोलली नाही.

पौर्णिमा आली. गाव पुन्हा काठावर जमला. घडा मधोमध ठेवला. एकेकाने वाकून पाहिले. स्वच्छ पाण्याखेरीज कुणाला काही दिसले नाही.

"सूनबाई," सासरे जड आवाजात म्हणाले, "ओत."

भिवराने घडा उचलला. तळ्यातल्या पिलांकडे पाहिले. हिरोजीकडे पाहिले, त्याचे डोळे जमिनीवर होते. तिने घडा कमरेवर घेतला आणि डोंगराच्या वाटेकडे वळली.

"मी जाते, मामंजी. तळं राहू दे."

"थांब!" सासू मोठ्याने म्हणाली. "अशी कशी जातेस? महिनाभर जेवू मी घातलंय त्या घड्याला." ती पुढे आली, बाही सारून तिने हात घड्यात घातला, आणि आतल्या बाजूने बोट फिरवले. हा घडा कुंभाराने आतून गारगोटीने घोटून गुळगुळीत केलेला होता. सासूचे बोट थबकले.

"हे मांजराच्या जिभेसारखं काय लागतंय?"

"क्षार धरला असेल," म्हाळसाबाई म्हणाली. "माझ्या रांजणालाही धरतो."

"तुझ्या रांजणाचा क्षार पाणी पितो का गं?" सासू म्हणाली आणि नखाने एक कण सोडवला. तो तिने तळहातावर ठेवला आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडला. खसखशीचा दाणाच जणू. ती उन्हात हात धरून उभी राहिली. सगळी डोकी त्या तळहातावर वाकली.

थोड्या वेळाने दाण्याला एक फट पडली. फटीतून केसासारखा बारीक, पांढरा पाय बाहेर आला. त्याने तळहात चाचपला, पुढे टेकला, आणि दाणा स्वतःला ओढत किंचित सरकला.

"अगं आई गं, चाललं!" ओरडली ती म्हाळसाबाईच.

भिवराही डोळे विस्फारून बघत होती. एवढी वर्षे तिने शिंपल्या पाहिल्या होत्या. त्यांना पाय असतो हे तिलाही ठाऊक नव्हते.

सासऱ्यांनी घड्यात बोट फिरवून पाहिले आणि झटकन काढून घेतले. "एका घड्यात एवढ्या. तळ्यात किती झाल्या असत्या?"

याचे उत्तर त्या काळी कुणाकडे नव्हते. पुढच्या काळातल्या जाणत्यांनी ते शोधले. वाढलेली एक मादी एका वर्षात लाखो अंडी पाण्यात सोडते. म्हणजे तो घडा ओतला असता, तर भिवराचे मूल वल्हे धरायच्या आधीच ते तळे शिंपल्यांचे झाले असते.

घडा तळ्यापासून दूर नेला. तापलेल्या कातळावर तो उपडा केला, आणि पाणी आटून दाणे कोरडे पडेपर्यंत दोन माणसे तिथे बसून राहिली.

"पण मग रीत?" एका म्हाताऱ्याने विचारले. "पाण्याला पाणी मिळालंच नाही. सून आपली झाली कशी?"

"माझ्या पोराची होडी महिनाभर बांधून ठेवली हिनं, आणि शेवटी घर सोडायला निघाली, ते कुणाच्या तळ्यासाठी?" सासू म्हणाली. "अजून किती आपली व्हायची असते सून? हिरोजी, दोर सोड!"

त्या दिवसापासून मावळतीच्या तळ्याने रीत बदलली. नवरीचा घडा तळ्यात न ओतता, डोंगराच्या पलीकडे एखाद्या झाडाच्या मुळाशी ओतू लागले. परक्या तळ्यावरून आलेली होडी किंवा जाळे पंधरा दिवस उन्हात वाळवल्याखेरीज पाण्याला लावीनात. बाकीच्या पाच तळ्यांनाही निरोप गेले. दोघांनी ऐकले. तिघांकडे उगवतीच्या लेकी आधीच नांदायला गेल्या होत्या, आणि त्यांचे घडे ओतूनही झाले होते. ती तिन्ही तळी पुढे काचेसारखी स्वच्छ झाली, आणि त्यांच्या काठावर होड्या पालथ्या पडल्या. एकदा पाण्यात पसरलेली शिंपली परत गोळा करता येत नाही.

वर्षभराने भिवराची आई लेकीला भेटायला आली. ती तळ्याच्या कडेला बसली आणि तिने हात पाण्यात घातला. पाणी इतके हिरवे, की मनगटाखालचे काही दिसेना. मग तिला बोटांना गुदगुल्या झाल्या. माशांची पिले तिची बोटे चाचपत होती. कितीतरी वर्षांनी ती पिलांना शिवत होती.

तिने हात काढला नाही. तशीच बसून ती म्हणाली, "भिवरे, मी तुला काय भरून दिलं होतं गं!"

भिवरा तिच्या शेजारी बसली आणि तिनेही आपला हात पाण्यात सोडला.

तात्पर्य: देणाऱ्याची माया खरी असली तरी भेट निर्मळ असतेच असे नाही, म्हणून ती देण्याआधी आणि घेण्याआधी नीट पारखावी.