प्रत्येकाचा एकेक घाव

फार जुनी गोष्ट. गावाचं नाव विचारू नका. मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. पंचक्रोशीत तेव्हा एकच सायकल होती, एवढं कळलं तरी पुरे. पोरांनो, ऐका. आणि पोरांच्या बापांनो, तुम्ही जरा जास्त कान देऊन ऐका.

ती सायकल निवृत्तीची. शहरातल्या एका जाणत्या कारागिराकडे सात वर्षं राहून तो सायकलीचं काम शिकून आला होता. गावातली कुलपं, रहाट, गाड्यांची चाकं, सगळं तोच घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात दुरुस्त करायचा. हाताचा हुशार, पण स्वभावाने भिडस्त. वडीलधाऱ्यांपुढे त्याचा शब्द ओठापर्यंत यायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा. गाव म्हणायचं, काय गुणाचा माणूस आहे.

त्याच्या बायकोचं नाव कौसा. तिचं माहेर घाटापलीकडे आठ कोसांवर, आणि माहेरात उरलेली एकटी म्हातारी आई. सणावाराला निवृत्ती कौसाला मागे बसवून तिकडे न्यायचा. तिच्या गावाच्या वळणावर तो घंटी वाजवायचा. घंटी ऐकली की म्हातारी चुलीवर आधण ठेवायची, मग दारात येऊन उभी राहायची.

एके दिवशी सूर्य उगवताना कौसाच्या माहेरचा माणूस निरोप घेऊन आला. म्हातारीचं काही खरं नाही, आजचा दिवस काढेल न काढेल, आणि तिला लेकीला एकदा डोळे भरून बघायचं आहे.

नेमकी सायकल अडून बसलेली. आदल्याच दिवशी दगडावर आपटून पायडलचा दांडा वाकला होता आणि फिरवला की सांगाड्याला अडकत होता. दांडा काढायचा, भट्टीत तापवून सरळ करायचा, परत बसवायचा, एवढंच काम. पण दांड्याला आसाशी जखडून ठेवणारी बोटाएवढी पोलादी खुंटी असते, तिला कॉटर म्हणतात. तो कॉटर गंजून घट्ट बसला होता.

निवृत्तीला हे काम पाठ होतं. कॉटरच्या टोकाला आटे असतात आणि आट्यांवर नट. तो नट पुरता काढायचा नाही, टोकाशी आणून तिथेच ठेवायचा, म्हणजे घाव नटावर बसतो आणि आटे वाचतात. फटीत घासलेट सोडायचं, प्रहरभर मुरू द्यायचं, दांड्याखाली लाकडाचा टेकू द्यायचा, आणि मग एकच घाव, सरळ. त्याने घासलेट सोडलं आणि कौसाला म्हणाला, ऊन डोक्यावर यायच्या आत निघू. कौसाने आईसाठी नाचणीचं सत्त्व पुरचुंडीत बांधलं आणि ती मांडीवर घेऊन ओट्यावर बसली.

वाईट बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. गाव जमलं. माणसं वाईट नव्हती हो, हेच तर दुःख आहे. वाईट असती तर आपापल्या घरी बसली असती.

सर्वांत आधी निवृत्तीचे चुलते नामाकाका पुढे झाले. तिकडे म्हातारी घटका मोजते आहे आणि हा इकडे लोखंडाला तेल पाजत बसलाय, असं म्हणत त्यांनी हात पुढे केला. निवृत्ती म्हणाला, "काका, जरा मुरू द्या..." आणि पुढचा शब्द माघारी फिरला. त्याने हातोडा काकांच्या हातात दिला. काकांनी पहिल्यांदा काय केलं, तर नट काढून बाजूला ठेवला. हा कशाला मध्ये? मग उघड्या आट्यांवर घाव घातला. कॉटर तसूभर हलला नाही. आट्यांचं टोक मात्र चपटं झालं.

काकांनी मारला म्हणताना पाटलांना मागे राहणं बरं दिसेना. जन्मात हातोडा न धरलेला माणूस, पण त्यांनीही एक मारला. मग हिंदुराव पैलवान आला आणि त्याने दोन्ही हातांनी असा घाव घातला की टोक एका अंगाला कललं. जो तो एकेक घाव घालायचा आणि हात झटकत म्हणायचा, सैल झालंय, आता एका फटक्यात निघेल. निवृत्ती आपला टेकू धरून बसलेला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

कौसाने दोनदा विचारलं, मी पायी निघू का? दोन्ही वेळा पाटील म्हणाले, थांब गं पोरी, झालंच आता. तिने नवऱ्याकडे बघितलं. पायीच नीघ, मी मागून येतो, एवढं त्याने म्हणायचं होतं. त्याने टेकू तेवढा सरळ केला.

दुपारी गाव जेवायला पांगलं. कॉटरचं टोक आता चेचलेल्या आल्यासारखं पसरलं होतं. ते भोकातून मागे जाईना आणि त्याच्यावर नटही चढेना. निवृत्ती कानस घेऊन बसला आणि घासत राहिला. त्याच्या बोटांची सालं निघाली. टोक घासून कॉटर बाहेर पडला, दांडा सरळ झाला, नवा कॉटर बसला, तोवर घाटात अंधार उतरला होता. त्या वाटेवर अंधारात सायकल चालत नाही. दोघं पहाटे निघाली.

वळणावर निवृत्तीच्या हाताने सवयीने घंटी वाजवली. अंगणात माणसं बसलेली होती. शेजारीण उठून आली आणि कौसाला जवळ घेऊन म्हणाली, "काल दिवेलागण झाली आणि गेली गं. दिवसभर एकच विचारत होती, घंटी वाजली का, घंटी वाजली का."

आठ कोस म्हणजे दिवसाची चाल. सकाळी कौसा पायी निघाली असती, तरी दिवे लागायच्या आत पोचली असती.

सगळं आटोपून ती दोघं परत निघाली, तेव्हा कौसा सायकलीवर बसली नाही. निवृत्ती सायकल हातात धरून तिच्या मागून चालत राहिला. घाटमाथ्यावर ती थांबली.

"तुम्हाला येत होतं ना?"

"येत होतं."

"सगळ्यांत जास्त तुम्हालाच येत होतं," ती म्हणाली आणि चालू लागली. ती पुन्हा कधी भांडली नाही, रागावलीही नाही. पण सायकलीवरही कधी बसली नाही. आणि बसून जायचं तरी कुठे? माहेरच उरलं नव्हतं.

गाव भेटायला आलं. नामाकाका डोळे पुसत म्हणाले, आम्ही सगळ्यांनी हात लावला रे, पण नशिबापुढे कुणाचं चालतं? निवृत्ती आत गेला आणि तो चेचलेला कॉटर आणून त्यांच्यापुढे ठेवला.

"काका, हे नशीब नाही. घाव तुमचे आहेत. पण हातोडा मी दिला."

काकांनी त्या चेचलेल्या टोकावरून बोट फिरवलं. मग ते उठून गेले.

पुढे निवृत्तीने तो कॉटर दुकानाच्या चौकटीला टांगला. कामात कुणी हात घालायला आलं की तो हात जोडून सांगायचा, नको, मला येतं. लोक म्हणायचे, निवृत्तीला शिंगं फुटली. म्हणू देत. पण कौसा त्या चौकटीखालून जाताना वर बघायची नाही, आणि ती बघत नाही हे त्याला दर वेळी दिसायचं.

म्हणून जाणत्याने वेळेवर "नको" म्हणावं. भिडेपोटी गिळलेला शब्द शेवटी आपल्याच माणसाला भोवतो.