केसभर मागे

यंत्रांना वाचा होती त्या काळची गोष्ट. एका कारखान्यात एका गोल कटरवर चार दात बसवलेले होते. चौघांच्याही अंगावर सोनेरी मुलामा होता. कटर फिरू लागला की एकामागून एक येऊन प्रत्येकाने आपल्या वाटणीचा धातू कापायचा, ही त्यांची रीत.

एकदा समोर टायटॅनियमचा ठोकळा आला. हा धातू मोठा चिवट, आणि स्वभावाने वाईट. घर्षणाची उष्णता तो स्वतः घेत नाही, कापणाऱ्याच्याच धारेवर सोडतो. पहिल्याच फेरीत चौथ्या दाताला चटका बसला. मुलामा जाईल या भीतीने तो आपल्या जागेत केसभर मागे सरकला.

त्याच्या मागून पहिला दात येत होता. त्याच्यावर आता दोघांचा भार पडला.

"अरे, तुझं कापायचं राहतंय!" तो ओरडला.

"फिरतोय की मीही तुमच्याबरोबर," चौथा म्हणाला.

पहिल्याचा मुलामा उडाला, धार जळाली आणि तो तुटला. मग दुसऱ्यावर तिघांचा भार आला. तोही तुटला. तिसरा तर एका फेरीतच गेला.

कडाडकन आवाज झाला तसं ऑपरेटर केरबाने यंत्र थांबवलं. पाहतो तर तीन काळे खुंट आणि एक लखलखीत दात.

"शाब्बास रे गड्या! खरा दमाचा तूच," केरबा म्हणाला. त्याने चौथ्याला काढून एकच दात लागणाऱ्या कटरवर बसवलं आणि स्क्रू घट्ट आवळला.

यंत्र सुरू झालं. चौथ्याने वळून पाहिलं. मागून कुणीच येत नव्हतं.